कुर्ल्याच्या गल्लीत एक वाकडा दांडा

मुंबईला पाहुणा आला, की त्याला दाखवावयाच्या स्थळांची यादी प्रत्येक घरात तयार असते. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट, आणि एवढे करून पायांत त्राण उरलेच तर चौपाटीवरची भेळ. या यादीत कुर्ल्याचे नाव कोणी घातलेले मला ठाऊक नाही. कुर्ल्याला लोक उतरतात ते गाडी बदलण्यासाठी. मध्य रेल्वेच्या मुख्य लाइनीवरून हार्बरच्या लाइनीवर जावयाचे, म्हणजे जिना चढायचा आणि उतरायचा, एवढीच बहुतेकांची कुर्ल्याशी ओळख. यंदाच्या भाद्रपदात माझे मेव्हणे आणि मी तिथे उतरलो, ते मात्र गाडी बदलावयाची नाही असे ठरवून.

ही गाडी म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांची १९६८ सालची फियाट अकराशे. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली. त्या काळी मुलीचे लग्न ठरणे आणि मोटारीचा नंबर लागणे या दोन्ही गोष्टींचे पेढे सारख्याच आनंदाने वाटले जात. अशी ही गाडी तीन वर्षांपूर्वी दादरच्या टिळक पुलाची चढण चढत असता इंजिनाच्या पोटातून गडगड असा जाड आवाज काढू लागली आणि तेलाचा लाल दिवा डोळे मिचकावू लागला. मेव्हण्यांनी ती कशीबशी घरी आणली, आणि तेव्हापासून ती हिंदू कॉलनीतल्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली उभी होती.

दसऱ्याला घरातल्या साऱ्या यंत्रांची पूजा होते. शिलाईच्या यंत्रापासून मिक्सरपर्यंत सर्वांना फूल मिळते. परंतु सासूबाईंनी त्या तीन वर्षांत फियाटला एकदाही हार घातला नाही. "चालत्या गाडीला हार घालतात," त्या म्हणत, "उभ्या गाडीला घातला तर तो निराळाच दिसतो." त्यांच्या या बोलण्याने मेव्हणे अखेर हलले. त्यातही पितृपंधरवडा जवळ आलेला. आम्ही चाचरत विचारले, तर त्याही बाबतीत सासूबाईंचा निकाल तयार होता. "या दिवसांत नवे काही आणू नये. वडिलांचे जुने दुरुस्त करायला कोणत्या शास्त्राची हरकत आहे?"

गाडी आधीच दोराने ओढून कुर्ल्याला पोहोचली होती. तिच्यामागून आम्ही निघालो. स्टेशनच्या पश्चिमेस उतरून, रिक्षांच्या गराड्यातून वाट काढीत सी.एस.टी. रोड गाठला. या नावाने पुष्कळांची फसगत होते. त्यांना वाटते, हा रस्ता शिवाजी टर्मिनसकडे जात असेल. वास्तविक ती अक्षरे 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' या नावाची आहेत. १९२८ पासून १९३४ पर्यंत ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीकडे जाणारी एक छोटी रेल्वे या बाजूने धावत होती. रूळ केव्हाच उखडले गेले, नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले.

आता या रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दुकान कसले, लोखंडाची वखारच! दारावर तोरणासारखे सायलेन्सर टांगलेले, पायरीवर गिअरबॉक्स रचलेले, आणि आतल्या अंधारात दिव्यांच्या काचा मांजराच्या डोळ्यांसारख्या चमकणाऱ्या. कोणत्याही गाडीचे नाव घ्या, दुकानदार गल्ल्यावरून न उठता पोऱ्याला म्हणतो, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला."

फियाटच्या दुरुस्तीला कुर्ल्यालाच यावे, यातही एक औचित्य आहे. तिचे माहेरच इथले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद या धाडसी उद्योगपतींनी विशाखापट्टणमला जहाजांची गोदी काढली, बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करून कुर्ल्याला मोटारी आणल्या. १९४७ पासून अमेरिकेतील क्रायसलर कंपनीच्या सहकार्याने येथे मोटारी व ट्रक तयार होऊ लागले. १९५१ साली इटलीतील फियाटशी करार झाला आणि १९५४ साली 'अकराशे' आली. तीच पुढे नावे बदलीत १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास ती निघण्याची थांबली. कारखान्याच्या जागेवर आता उंच उंच इमारती उभ्या आहेत. जवळच्या रस्त्याला मात्र लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात. गाड्या जातात आणि नावे राहतात, अशी या कुर्ल्याची रीतच दिसते.

आमचे मिस्त्री याच कारखान्यात वाढलेले. लांज्याकडचे, सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे. एकोणिसाव्या वर्षी इंजिन जोडणीच्या खात्यात लागले, आणि कारखाना थंडावल्यावर सी.एस.टी. रोडच्या एका बोळात पत्र्याची शेड घालून बसले. शेडमध्ये एक लांब टेबल, भिंतीवर पान्यांची ओळ, गणपतीची तसबीर आणि हाताखाली वीस-एक वर्षांचा एक तरुण. त्याचे खरे नाव काय ते कळले नाही. मिस्त्री त्याला बारक्या म्हणत, आणि तो सहा फूट उंच होता.

टेबलावर आमच्या इंजिनाचा ब्लॉक उलटा, पाय वर केलेल्या कासवासारखा पडला होता. शेजारी फडक्यावर ठेवला होता तो क्रँकशाफ्ट.

गृहिणींना हे प्रकरण समजावयास अडचण पडू नये. पायाने चालवावयाचे शिलाईचे यंत्र आठवा. पाय खालीवर होतो, आणि चाक गोल फिरते. या दोहोंच्या मध्ये जो वाकडा दांडा असतो, तोच मोटारीतला क्रँकशाफ्ट. आमच्या गाडीत चार पिस्टन, म्हणजे चार पाय. शाफ्टला चार वाकणे. बाहेरची दोन एका दिशेला आणि आतली दोन नेमक्या विरुद्ध दिशेला. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तेव्हा हा दांडा सेकंदाला ५० वेळा गरकन फिरतो, आणि त्याच एका सेकंदात चार पिस्टन मिळून त्याला १०० धक्के देतात. एवढा मार सोसणाऱ्या या दांड्याला आधार मात्र अवघ्या तीन ठिकाणी. या तीन जागा म्हणजे मेन बेअरिंगे. हे इंजिन मूळचे १९३७ सालच्या फियाट बालिला अकराशेचे. ६८ मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, ७५ मिलिमीटरची धाव, १०८९ घनसेंटिमीटरचे पोट. ही मापे पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनात अखेरपर्यंत टिकली.

"हे बघा," म्हणून मिस्त्रींनी जुन्या बेअरिंगचा एक शेल माझ्या तळहातावर ठेवला. अर्ध्या बांगडीसारखी पोलादाची पट्टी, आतून मऊ धातूचा मुलामा. मुलामा ठिकठिकाणी ओरखडलेला. त्यांनी तो उलटा केला. पाठीवर बारीक अक्षरांत '०२०' असे कोरलेले होते.

"वीस थाउ. म्हणजे हा शाफ्ट पूर्वी घासून वीस थाउ बारीक केलाय. आता परत घासला, तीसवर आणला. तीसच्या पुढे मी याला नेणार नाही. ही शेवटची खेप."

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुताराच्या एका सुतात असले सव्वाशे थाउ बसतात. शाफ्टची गोलाई कालांतराने अंडाकृती होते, कारण पिस्टनचा धक्का दर फेऱ्यात त्याच त्या बाजूला बसतो. मग शाफ्ट यंत्रावर घासून पुन्हा गोल करावयाचा, आणि जितका तो बारीक झाला तितके जाड शेल घालावयाचे. तीसचे शेल मिळविण्यासाठी मिस्त्रींनी बारक्याला आठवडाभर रस्त्यावरच्या दुकानांतून हिंडवले होते. शेवटी एका माळ्यावर पिवळ्या पडलेल्या खोक्यात एक जोडणी मिळाली. दुसरी त्या दुकानात नव्हती.

आता आमच्या ध्यानात आले, की आज या टेबलावर चुकले तर हा शाफ्ट भंगारात, आणि त्याच्यामागून गाडीही. मेव्हणे एकदम गप्प झाले.

मिस्त्रींनी आम्हांला एक वस्तू घरून आणावयास सांगितली होती: जुने, पुष्कळदा धुतलेले धोतर. नव्या फडक्याचे तंतू सुटतात, आणि असा एक तंतू तेलाच्या वाटेत अडकला तरी पुरे. सासूबाईंनी सासऱ्यांचे पूजेचे धोतर काढून दिले होते. त्याचा तुकडा फाडताना मेव्हण्यांचा हात क्षणभर थबकला. मिस्त्रींनी तो त्यांच्या हातून हलकेच घेतला आणि स्वतः फाडला.

मग काम सुरू झाले. पहिली पाळी स्वच्छतेची. शाफ्टच्या पोटातून तिरकी भोके पाडलेली असतात. मेन बेअरिंगांना मिळालेले तेल त्यांतून कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांकडे जाते. घासण्याच्या यंत्रावरचा किटाळ नेमका याच भोकांत जाऊन बसतो. बारक्याने बारीक ब्रश आणि रॉकेल घालून ती धुतली, वाऱ्याची नळी लावून फुंकली, पुन्हा धुतली. मग मिस्त्रींनी मायक्रोमीटरने शाफ्टची प्रत्येक जागा मोजली, एकदा उभी आणि एकदा आडवी, या टोकाला आणि त्या टोकाला. घासलेला भाग जिथे संपतो तिथला कोपरा काटकोनी न राहता किंचित गोल आहे ना, हेही त्यांनी नखाने चाचपून पाहिले. कोपरा धारदार राहिला, तर शाफ्टला तिथूनच तडा जातो.

ब्लॉकमधल्या तीन अर्धगोल बैठका धोतराने कोरड्या पुसल्या. शेलांच्या पाठीही कोरड्या. "पाठीला तेल लावायचं नाही, पोटाला लावायचं," मिस्त्री बारक्याला म्हणाले. शेलाला एक छोटा कान असतो, तो बैठकीच्या खाचेत बसवला. वरच्या शेलाला तेलाचे भोक असते, ते ब्लॉकच्या भोकासमोर आले की नाही हे काडी घालून पाहिले. ते न जुळले, तर तेलाची वाटच बंद. शेलांच्या कडा बैठकीच्या किंचित वर डोकावत होत्या. मेव्हण्यांनी शंका काढली, की हे कानशीने जरा सपाट करायला नको काय? मिस्त्री हसले. "ते तसंच हवं. वरची कॅप आवळली की शेल दाबून बसतो. घासलात तर तो आत सैल फिरेल."

मग शाफ्ट दोघांनी दोन टोकांना धरून, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावे तसा आडवा, सरळ, अलगद खाली उतरवला. कॅपांवर क्रमांक कोरलेले असतात. कॅपा जागेवर आवळूनच मुळात ही भोके कोरलेली असल्याने एकीची जागा दुसरीला चालत नाही, आणि तिची दिशाही फिरवता येत नाही.

याच सुमारास मला जे कळले, ते साठी उलटेपर्यंत मोटारीत बसूनही कळले नव्हते. माझी समजूत अशी, की शाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना चिकटून, घट्ट बसलेले असणार. तसे नसते. त्यांच्यामध्ये मुद्दाम जागा ठेवलेली असते. शाफ्टच्या दर इंच व्यासामागे सुमारे एक थाउ, असा ठोकताळा. म्हणजे आमच्या शाफ्टला दोन थाउंच्या आसपास. वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही कमी! या फटीत तेल शिरते. फिरता शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर ओढून चिंचोळ्या बाजूला दाबतो, आणि त्या दाबाने स्वतःच वर उचलला जातो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय कसा तरंगत जातो? तसेच. इंजिन चालू असता लोखंड बेअरिंगला शिवतच नाही, तेलावर तरंगते. फट फार झाली तर तेल निसटते, दाब उतरतो, लाल दिवा लागतो आणि गडगड सुरू होते. फट फार थोडी झाली तर तेल आत शिरत नाही, बेअरिंग तापते आणि शाफ्टला चावते.

ही फट मोजण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. मऊ प्लास्टिकचा केसासारखा धागा शाफ्टवर आडवा ठेवायचा, कॅप नेमक्या जोराने आवळायची, शाफ्ट मुळीच हलू द्यायचा नाही, आणि कॅप पुन्हा काढायची. धागा चेपून जेवढा रुंद झाला असेल तेवढी फट लहान. सोबतच्या कागदी पट्टीवर ताडून पाहावयाचे. तिन्ही ठिकाणी दोन थाउ. मिस्त्रींनी मान डोलावली. धागे पुसून काढले, शेल सुटे करून बैठकांवरून पुन्हा एकदा धोतर फिरवले, सारे परत बसवले आणि शेलांच्या पोटावर सढळ हाताने तेल घातले.

आता शेवटची आवळणी. मधली कॅप प्रथम, मग कडेच्या. एकदम नव्हे, जोर मोजणाऱ्या पान्याने दोन-तीन टप्प्यांत. प्रत्येक कॅप आवळली की शाफ्ट हाताने फिरवून पाहावयाचा. पहिली आवळली, शाफ्ट एका बोटाने फिरला. दुसरी आवळली, फिरला. तिसरी आवळली, आणि मिस्त्रींचे बोट अडले. शाफ्ट फिरत होता, पण जोर लावला तर. नवी चप्पल पायाला लागावी तसा कुठेतरी दुखत होता.

बाहेर अंधार पडला होता. बोळात पाणीपुरीवाल्याची घंटा वाजू लागली होती.

मेव्हणे हळूच म्हणाले, "मिस्त्री, नवंच आहे सगळं. गाडी चालली की आपोआप मोकळा होईल ना?"

"होईल की. पाचशे मैलांत अगदी मोकळा होईल. आणि हजाराव्या मैलाला टिळक पुलावर तुम्हांला परत तोच आवाज ऐकू येईल. तेव्हा शाफ्टही नसेल आणि मीही असेन नसेन." एवढे बोलून त्यांनी पाना उचलला आणि तिसरी कॅप उघडावयास घेतली.

शाफ्ट पुन्हा वर आला. तिसऱ्या जागेचा खालचा शेल मिस्त्रींनी दिव्यासमोर धरला. पोटावर मोहरीएवढा एक चकाकता ठिपका. त्यांनी शेल उलटा केला. पाठीवर, बरोबर त्याच जागी, एक टोचल्याची खूण. मग त्यांनी बोटाचे टोक बैठकीवरून फिरवले, थांबले, आणि बोट आमच्यासमोर धरले. त्यावर काहीतरी होते. मला चष्मा लावूनही दिसेना, बारक्याला दिसले. वाळूचा कण असावा, की घासणीच्या दगडाचा, कोण जाणे. दोन थाउंच्या फटीत तो दोन थाउंचा पाहुणा सहकुटुंब राहावयास आला होता.

शेल वाचला होता, खूण वरवरचीच होती. बैठक पुसली, शेल पुसला, धागा ठेवून पुन्हा मोजले, पुन्हा तेल, पुन्हा तिन्ही कॅपा. या वेळी मिस्त्रींनी बोट लावले आणि तो चार वाकणांचा जड दांडा आवाज न करता फिरला. बोट काढल्यावरही आणखी थोडा फिरला. बारक्या हसला. शेवटी शाफ्ट पानाच्या टोकाने पुढेमागे ढकलून, कडेच्या थ्रस्ट वॉशरांपाशी फिलर गेजची पातळ पाती घालून ती जागाही पाहिली. आपण सिग्नलला क्लच दाबून उभे राहतो तेव्हा शाफ्टवर पडणारा आडवा दाब हे वॉशर झेलतात. "म्हणून उगाच क्लच दाबून बसू नये," असे मिस्त्रींनी मेव्हण्यांना ऐकवले.

चहा आला. मी मिस्त्रींना विचारले, "आता अशी इंजिने पुष्कळ येतात का हो?"

"पूर्वी टॅक्सीवाले यायचे. रात्री इंजिन खाली, तिसऱ्या दिवशी गाडी धंद्यावर. आता टॅक्सी कुठे राहिली?"

खरेच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी कायद्यानेच रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून गाडीचे फोटो छापून आले, लोकांनी हळहळून आठवणी सांगितल्या. गाडी गेल्याचे साऱ्यांना दिसले. पण तिच्याबरोबर दोन थाउंची फट बोटाने ओळखणाऱ्या माणसांचेही काम उणावले, त्याची बातमी कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. असली बोटे पुस्तक वाचून तयार होत नाहीत. त्यांना रोज इंजिन लागते. बारक्या दिवसा नव्या गाड्यांचे ब्रेक बदलतो आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी असले काम शिकतो. मिस्त्रींनी त्या रात्री तिसरी कॅप उघडली ती आमच्या गाडीसाठी उघडली हे खरेच. पण उघडताना त्यांनी पाना बारक्याच्या हाती दिला नव्हता, आणि दुसऱ्यांदा आवळताना मात्र तो त्याच्याच हाती दिला होता, हे मी पाहिले.

पुढच्या दोन आठवड्यांत पिस्टन चढले, इंजिन गाडीत गेले. सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर फिरवून तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत वाट पाहिली. तेल पोहोचण्याआधीचे काही क्षणच काय ते बेअरिंगाला जाचतात. मग प्लग लावले. इंजिन दुसऱ्या झटक्याला बोलू लागले.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाई काठी टेकीत अंगणात आल्या. त्यांनी फियाटला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मागच्या आसनावर जाऊन बसल्या. मेव्हण्यांनी त्यांना आधीच बजावून ठेवले, की मिस्त्रींची ताकीद आहे, पहिले पाचशे मैल चाळीसच्या वर जायचे नाही.

"बरे झाले," सासूबाई म्हणाल्या. "हे असतानाही चाळीसच्या वर कधी गेली नव्हती."